एकूण चौदा

थांबा, आधी हे ऐका. आपल्या चर्चच्या नाताळ अंकासाठी मी खरंतर 'घरबसल्या दाखले कसे काढावेत' असला शहाणा लेख देणार होते. अर्धा टाईप पण झाला होता. पण आत्ता, दहा मिनिटांपूर्वी दीना आत्याचा फोन आला. म्हणाली, लिहून टाक ते, वर्ष झालं आता. मी लगेच तो अर्धा लेख पुसला. वर्षभर पोटात ठेवलंय हो मी हे, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या चर्चला माहीत आहे.

नावं बदलू का, असं मी आत्याला विचारलं होतं. तर म्हणाली, नाव बदललंस तर परत गाळल्यासारखंच की. म्हणून तिचं नाव खरं आहे. का असं म्हणाली ते पुढे कळेल.

अंकात दरवर्षी रिटायर झालेले लोक आपले अनुभव लिहितात. मी पंचवीस वर्षांची आहे, रिटायर व्हायला वेळ आहे, पण आमच्या धंद्यात पाच वर्षांत माणूस पिकतो. कोपरगावात तहसीलच्या रस्त्याला सलीमभाईंचं ई-सेवा केंद्र आहे, तिथे मी टाईप करते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, सगळं करते, पण माझा खरा हात वंशावळीवर. माझ्याइतक्या वेगात वंशावळ कोणी टाईप करत नाही. सलीमभाई म्हणतात, "रूथ, तुझी बोटं पुढं निघून जातात आणि डोकं मागून रिक्षाने येतं." मी हसायचे. आता कमी हसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जमीन ज्याच्या नावावर आहे तो वारला, की त्याच्यामागे कोण कोण आहे याचं झाड कागदावर काढायचं. सगळ्यात वर मूळ पुरुष, खाली फांद्या. वारलेल्यांपुढे 'मयत' लिहायचं. शेवटी लिहायचं की यांच्याशिवाय दुसरा कोणीही वारस नाही, आणि त्यावर शपथेवर सही. मग कागद तलाठ्याकडे जातो, फेरफाराला नोंद होते, चावडीवर नोटीस लागते. पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही की सातबाऱ्यावर नावं चढतात. झालं. तुम्ही कितीही मोठे असा, त्या झाडावर नसाल तर सातबाऱ्यासाठी तुम्ही जन्मलाच नाही.

या झाडापायी मी काय काय बघितलंय! एक बाबा आले, चार भावांची नावं सांगितली. मी प्रत्येकाला विचारत होते, हयात की मयत? तिसऱ्या भावाला म्हणाले, मयत. मी मयत टाकलं. दुसऱ्या दिवशी तो तिसरा भाऊ माझ्यासमोर हजर, हातात पाण्याची बाटली. ताई, मी मयत हाय व्हय? मोठ्या भावाला बोलावलं, तर तो शांतपणे म्हणाला, "आमच्यासाठी मयतच हाय."

दुसरे एक जण खर्ड्याकडून जावयाच्या गाडीत आले होते. चुलते, चुलत चुलते, त्यांची पोरं, धडाधड सव्वीस नावं सांगितली, एकदाही अडखळले नाहीत. मग मी विचारलं, तुमच्या पत्नीचं नाव? म्हणाले, थांबा, फोन लावतो. मोबाईलमध्ये तिचा नंबर 'घर' म्हणून सेव्ह होता. त्यांनी घराला फोन लावून घराला विचारलं, तुझं कागदावरचं नाव काय गं? पलीकडून घर काय बोललं ते मला ऐकू आलं, पण नाताळ अंकात लिहिता येणार नाही.

अशा लोकांमुळे सलीमभाईंनी माझ्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवलाय. 'बहिणी किती? आत्या किती? परत विचारा.' कारण बहीण किती विचारलं की लोक एकच उत्तर देतात, त्या दिल्या. म्हणजे लग्न करून दिल्या. दिल्या म्हणजे झाडावरून उतरवल्या. सलीमभाईंचा नियम असा, की उत्तर मिळेपर्यंत पुढची ओळ टाईप करायची नाही. पाच वर्षांत मी तो नियम एकदाच मोडला. ते एकदाच म्हणजे हे.

आता मत्तयाच्या पहिल्या अध्यायाकडे येते. तेच ते, येशूची वंशावळ, ज्यात याला तो झाला, त्याला तो झाला असं नुसतं चालतं, आणि नाताळाआधीच्या रविवारी ते वाचायला लागले की मागच्या तीन बाकांवरचे लोक झोपतात. मला ते पाठ आहे. सगळं. रविवारच्या शाळेत मी ते एका दमात म्हणून बक्षीस मिळवलं होतं, आणि बक्षीस कोणी दिलं? बर्णबा मास्तरांनी. त्यांना ती यादी फार प्रिय. चौदा पिढ्या, मग परत चौदा, मग परत चौदा. आम्हाला म्हणायचे, बघा, देवाचं गणित किती सरळ आहे. मास्तर शाळेत गणित शिकवायचे ना, त्यांना आकडा जुळला की उपास सुटल्याचा आनंद व्हायचा.

मला त्या यादीत एक गोष्ट जास्त आवडायची. एवढ्या सगळ्या बाप्यांमध्ये मध्येच तामार येते, राहाब येते, आणि मग रूथ येते. माझं नाव आलं की मी आवाज चढवायचे. त्यानंतर एक बाई येते तिचं नाव पण नाही, नुसतं उरीयाची बायको. म्हणजे त्यांच्या मोबाईलमध्ये पण 'घर'.

मास्तर मागच्या वर्षी वारले, नव्वदीच्या पुढे. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा इम्मानुएल काका आमच्या केंद्रात आले. चर्च कमिटीतले म्हणून तुम्ही बहुतेक ओळखता. मास्तरांच्या नावावर गोदावरीच्या काठाला तीन एकर ऊस आहे, त्याची वारस नोंद करायची होती. काकांनी टॉवेलात गुंडाळलेलं मोठं बायबल काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, वंशावळ तयारच हाय.

जुना करार आणि नवा करार यांच्या मध्ये रेघांची पानं असतात ना, जन्म, बाप्तिस्मा, लग्न लिहायची? त्या पानावर मास्तरांनी झाड काढलेलं. काय अक्षर! वर खापरपणजोबा, घराण्यात पहिला बाप्तिस्मा झालेले. आपल्याकडे मूळ पुरुष तोच धरतात ना, त्याच्या आधीचं कोणी लिहीत नाही. त्यांच्याखाली मुलगे, नातू, सगळ्यात खाली काकांचा छोटा नातू. आणि पानाच्या तळाला, दोन रेघा मारून, शाईने लिहिलेलं, 'एकूण १४'.

मला एकदम आठवलं. हा छोटा नातू झाला त्या वर्षी मास्तरांनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं, मत्तयात चौदा, आमच्यात पण चौदा झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मी पण.

तर समोर मास्तरांचं अक्षर, तेही बायबलात. मी काय विचारणार? बहिणी किती? मला त्या वेळी ते बायबलाला आधार कार्ड मागितल्यासारखं वाटलं. मी विचारलंच नाही. बोटं सुटली. पाच मिनिटांत झाड टाईप, खाली 'दुसरा कोणीही वारस नाही', काकांनी वाचलं नाही, सही केली. मी वर म्हणाले, काका, काय सुंदर चौदा जुळलेत. सलीमभाई बँकेत गेले होते, नाहीतर त्यांनी मला तिथेच धरलं असतं.

मग नोव्हेंबर लागला. नोव्हेंबरात पेन्शनवाले येतात, आपण जिवंत आहोत हे मशीनला अंगठा लावून सांगायला. त्यात एक बाई आल्या, ताठ, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला कापडी पिशवी. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, अडतीस वर्षं नोकरी, सगळी आदिवासी भागात, राजूर आणि त्याच्या वरच्या गावांत. रिटायर झाल्यावरही बरीच वर्षं तिकडेच राहिल्या, म्हणून इकडे त्यांना कोणी फारसं ओळखत नव्हतं. अंगठा लावला, मशीनने नाही म्हटलं. पुसून लावला, नाही. स्पिरिट आणि साबणाने रेषा झिजून गेलेल्या.

"मशीनला पण पटंना मी जिवंत हाय," त्या म्हणाल्या.

पाचव्या वेळी मधलं बोट चाललं. स्क्रीनवर नाव आलं. दीना बर्णबा, आणि पुढे मास्तरांचंच आडनाव.

मी म्हणाले, बर्णबा म्हणजे आपले मास्तर? म्हणाल्या, व्हय, माझे वडील. म्हणून मधे त्यांचंच नाव राहिलं, लग्न काही केलं न्हाई मी. आणि मग गप्पांत त्या सांगायला लागल्या, की वडिलांच्या शेवटच्या आजारपणात इकडे आले ती इथेच एका खोलीत भाड्याने राहते, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, म्हणून जानेवारीत खोली रिकामी करायची आहे. पण काळजी नाही, मळ्यात विहिरीजवळ दोन खोल्या बांधायच्या, तिथली जागा मला लहानपणापासून आवडते, वारस नोंदीचं तेवढं इम्मू बघतोय.

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. कधी नाही ते, आणि माझी बोटं थांबली की लोकांना लगेच कळतं.

काय झालं गं, असं त्यांनी विचारलं तसं मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"इम्मूनं सही केली?"

"हो."

"आणि टाईप कुणी केलं?"

"मी."

त्यांनी चष्मा लावून कागद हातात घेतला, वरून खाली बघितला. "स्वच्छ केलंयस," म्हणाल्या. "एक चूक न्हाई."

मार परवडला असता.

नोटीस लागून अकरा दिवस झाले होते. म्हणजे चार दिवस राहिले होते. चावडीवरची नोटीस कोण वाचतं, आणि वारस म्हणून घरी कळवायचं तर त्या वारसांत कुठे होत्या? हे मशीन जर त्यांच्या पहिल्याच अंगठ्याला हो म्हणालं असतं तर त्या लगेच निघून गेल्या असत्या, मी स्क्रीनकडे बघितलं पण नसतं, आणि चार दिवसांनी सगळं काकांच्या नावावर.

मी सलीमभाईंना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त कॉम्प्युटरवरचा तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला. मग म्हणाले, "आता हरकतीचा अर्ज टाईप कर. आणि हळू टाईप कर." शेजारच्या वकील मॅडमना पण विचारलं. त्या म्हणाल्या की आपल्या लोकांच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखेच, प्रश्नच नाही, फक्त मुदतीत सांगा. मी आयुष्यात एवढं हळू टाईप केलं नाही. अर्ज त्याच दिवशी गेला.

आत्या (मी तिला तिथूनच आत्या म्हणायला लागले) म्हणाली, सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या होत्या, आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून आम्हाला वाटा का नाही विचारायला, आणि देवाने त्यांना हो म्हटलं. "त्या पाच हुत्या, मी एकटी. आणि समोर मोशे न्हाई, तलाठी हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला इम्मानुएल काका आले. हातात तोच टॉवेल, त्यात तेच बायबल. आत्या बाकावर बसलेली होतीच, हयातीच्या दाखल्याचा कागद न्यायला आलेली. काकांनी तिच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. मला म्हणाले की मी तुझ्या वडिलांना ओळखतो, तुला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात घेतलंय, आणि तू माझ्यावर हरकत टाईप करतेस? मी म्हणाले, काका, हरकत त्यांची, बोटं माझी. तसे ते सलीमभाईंकडे वळले. सलीमभाई अगदी हळू आवाजात म्हणाले की तुम्ही शपथेवर लिहून दिलंय, दुसरा वारस नाही. ते आपण होऊन मागे घ्या, तर बरं राहील.

काकांचा आवाज जरा खाली आला. म्हणाले, मी काही लपवलं नाही. जे बायबलात होतं ते दिलं. ही सगळी वर्षं डोंगरात होती, तिला शेतीत कधी मन नव्हतं, नर्सला शेती कशाला असं मला वाटलं. आणि त्या पुस्तकात एक शब्द घालायचा नाही, एक काढायचा नाही, असं लिहिलेलंच आहे.

मी म्हणाले, ती ताकीद छापील भागाला आहे काका, रेघांच्या पानाला नाही. आणि मत्तयाने पण चौदा जुळवायला तीन राजे गाळलेत, अहज्या, योवाश आणि अमस्या, तुम्ही राजांच्या पुस्तकात बघा. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की बक्षीस परत मागतात की काय.

त्यांनी बायबल उघडून पान माझ्यापुढे आपटलं. "हे बघ. एकूण चौदा. बाबांच्या हातचं. आता हिला कुठं घालू? पंधरा करू?"

मी बोट ठेवलं आणि मोजायला लागले. का, ते माहीत नाही. टाईप करताना मी मोजलंच नव्हतं, खाली चौदा लिहिलं होतं म्हणून चौदा. आता मोजले तर तेरा. परत मोजले. तेरा. सलीमभाईंनी मान वाकडी करून खालून वर मोजले, तेरा. काकांनी खिशातून चष्मा काढला, मूळ पुरुषापासून एकेका नावावर नख ठेवत खाली आले, तेरा. नातवाचं नाव दोनदा वाचलं, तरी तेरा.

काका म्हणाले, चुकले असतील. वय झालं हुतं.

तेव्हा आत्या पहिल्यांदा बोलली. "वय? शेवटच्या आठवड्यात मी उशाशी हुते इम्मू. सलाईनचे थेंब मोजून मला सांगायचे, बाटली कधी संपंल. एकदा चुकले न्हाईत. आणि तेरा-चौदातला फरक त्यांनी तुला छडी घेऊन शिकवलाय. तेराचा पाढा आठवतोय का?"

काकांनी आपला डावा तळवा उजव्या अंगठ्याने चोळला. खरंच चोळला, मी बघितलं. साठ वर्षं झाली असतील त्या छडीला.

सलीमभाईंनी चहा सांगितला. चहा आला. कप हातात घेऊन आत्याच म्हणाली, "मोजलंय मला. लिहिलं न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण काकांचा व्यवहार अजून संपला नव्हता. कप खाली ठेवला आणि म्हणाले की ठीक आहे, चूक तर चूक, मी आजच पेन घेऊन बायबलात तुझं नाव लिहितो, चांगल्या अक्षरात. सातबारा आहे तसा राहू दे. घरातलं घरात.

आत्या हसली. "बायबलातलं नाव मी मेल्यावर कामाला येईल रे. मला आत्ता दोन खोल्या बांधायच्यात."

सलीमभाईंना चहाचा ठसका लागला. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत त्या पानाकडे. 'एकूण १४' वर बोट ठेवलं. मला वाटतं बाप चुकला म्हणणं त्यांना बहिणीला वाटा देण्यापेक्षा जड गेलं.

"लिही गं रूथ," ते म्हणाले. "माझ्याखाली टाक."

"वर," आत्या म्हणाली. "थोरली हाय मी."

मी वर टाकलं. टाकायच्या आधी विचारलं, अजून कोणी बहीण? आत्या? दोघं एकदमच न्हाई म्हणाले. मी परत विचारलं. काका म्हणाले, आता पुरे.

जुना अर्ज काकांनी स्वतः मागे घेतला, नवा गेला, पंधरा दिवस गेले, नाव चढलं. बायबलात काकांनी नाही, आत्यानेच आपलं नाव लिहिलं. डॉक्टरांच्या संगतीत तिचं अक्षर एवढं बिघडलंय की ते दीना आहे हे सांगावं लागतं. पण बेरीज जुळली.

मालकाने खोलीची मुदत दोन महिने वाढवून दिली, आणि उन्हाळ्याच्या आत विहिरीजवळ दोन खोल्या झाल्या. विटा उतरवायला काका स्वतः उभे होते आणि प्रत्येक विटेला नावं ठेवत होते. माझ्याशी मात्र सहा महिने बोलले नाहीत, चर्चमध्ये मला बघायचे ते खांबाला बघितल्यासारखं. मग एक दिवस उसाची मोळी केंद्रात पाठवून दिली, चिठ्ठी नाही, काही नाही. सलीमभाईंनी कॉम्प्युटरवरच्या कागदावर खाली एक ओळ वाढवली, 'कुठेही लिहिलेलं असलं तरी मोजा.'

मला अजून एकच गोष्ट खुपते. मशीन पहिल्या अंगठ्याला हो म्हणालं असतं तर काय, हे मी आठवड्यातून एकदा तरी आठवते. मी आधी घाईत टाईप केलेल्या झाडांत कोण कोण राहून गेलं असेल? विचारलं होतं सगळ्यांना, पण मोजलं नव्हतं.

परवा मी आमच्या घरचं बायबल काढलं. मधली पानं उघडली. आजोबांच्या हातचं झाड, खाली 'एकूण ९'. नावं मोजली, आठ. आईला विचारलं, हे नववं कोण? तर ती म्हणाली, आधी चहा ठेव. चहा ठेवला, प्यायला, कप विसळून झाले, तरी अजून सांगितलेलं नाही.

तुमच्याकडे पण असेल ना ते पान? आज काढा, बोट ठेवून मोजा, आणि मला खरंखरं सांगा, तुमच्याकडे पण असंच झालंय का?